बटाट्याला मातीची भर : परसबागेतला आरोग्यनियम

फेब्रुवारीतील एका सकाळी नांदेडमधील एक कुटुंब माझ्या दवाखान्यात आले. आजी, सून आणि सहा वर्षांचा नातू या तिघांनाही आदल्या रात्रीपासून मळमळ, उलट्या आणि पोटात कळा सुरू होत्या. "बाहेरचं काहीच खाल्लं नाही डॉक्टरसाहेब, घरच्याच बटाट्यांची भाजी केली होती," असे आजी पुन्हापुन्हा सांगत होत्या. परसात त्यांनी प्रथमच बटाटे लावले होते. काढणीत काही बटाटे हिरवट निघाले. स्वतःच्या हाताने पिकवलेले टाकवेना, म्हणून आजींनी नेमके तेच आधी चिरले. भाजी कडवट लागली होती आणि घशात चुरचुरले होते, हे मी विचारल्यावरच त्यांना आठवले. दोन दिवसांत तिघेही बरे झाले. या विषबाधेची नेमकी तपासणी नेहमीच्या प्रयोगशाळेत होत नाही. तरी लक्षणे आणि आहार पाहता माझा संशय त्या हिरव्या बटाट्यांवरच होता.

बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी ते मूळ नव्हे, खोड आहे. म्हणूनच त्याच्यावर डोळे असतात आणि उजेड लागला की तो हिरवा होतो. हा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो व तो स्वतः निरुपद्रवी आहे. परंतु त्याच उजेडात सोलॅनिन व चॅकोनिन ही विषारी द्रव्येही वाढतात. ती आतड्याच्या पेशींना इजा करतात आणि प्रमाण वाढल्यास मज्जासंस्थेवरही परिणाम करतात. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २ ते ५ मिलिग्रॅम एवढी मात्रा त्रास देण्यास पुरेशी असते. म्हणजे १० किलो वजनाच्या बालकाला २० मिलिग्रॅमही बाधू शकतात. चांगल्या बटाट्यात हे प्रमाण पुष्कळ कमी असते. हिरव्या सालीत आणि कोंबांत मात्र ते अनेक पटींनी वाढते. उकडल्याने किंवा कुकरच्या शिट्ट्यांनी ही द्रव्ये नष्ट होत नाहीत, हे गृहिणींनी विशेष लक्षात ठेवावे.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. १९६९ साली लंडनमधील एका शाळेत बटाटे खाल्ल्यानंतर ७८ मुले आजारी पडली. त्यांपैकी १७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व मुले बरी झाली.

परसबागेत यावरचा उपाय सोपा आहे, तो म्हणजे वेळेवर दिलेली मातीची भर. मराठवाड्यात बटाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुमारास लावतात. नवे बटाटे लावलेल्या बेण्याच्या वरच्या बाजूस धरतात आणि फुगताना माती बाजूला सारून वर डोकावतात. आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ऊन थेट बटाट्यापर्यंत पोहोचते.

रोपे वीतभर उंच झाली, म्हणजे लागवडीनंतर साधारण महिन्याने, पहिली भर द्यावी. माती वाफशावर असताना खुरप्याने भुसभुशीत करावी आणि दोन्ही बाजूंनी खोडाशी चढवून वरंबा करावा. शेंड्याची पाने मात्र उघडी ठेवावीत. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी भर द्यावी. माती चिकट असल्यास तीत कुजलेले शेणखत मिसळावे. वरंब्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट पसरले की ओल टिकते, भेगा कमी पडतात आणि लातूरसारख्या पाणीटंचाईच्या भागात पाण्याचीही बचत होते. पाणी थोडे थोडे, पण नियमित द्यावे. गच्चीवर लावायचे असल्यास जाड पोत्याची कड अर्ध्यापर्यंत दुमडून लागवड करावी. रोप वाढेल तशी कड उलगडून माती भरत जावी. आठवड्यातून एकदा वरंब्यावरून नजर फिरवावी आणि उघडा पडलेला बटाटा लगेच झाकावा.

काढणीनंतरही हीच दक्षता हवी. बटाटे उन्हात वाळत घालू नयेत. सावलीत सुकवून गोणपाटात, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावेत. स्वयंपाकघरातील खिडकीजवळची टोपली त्यांच्यासाठी योग्य नव्हे. साल किंचित हिरवी असेल तर तो भाग व कोंब खोलवर काढून टाकावेत. बराच हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा सरळ टाकून द्यावा. लहान मुले व गरोदर स्त्रियांना थोडाही हिरवा बटाटा देऊ नये. बटाट्याच्या पानांची भाजी करू नये आणि झाडाला क्वचित धरणारी टोमॅटोसारखी हिरवी फळे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

असे बटाटे खाण्यात आल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनी घोटघोट पाजत राहावी. गुंगी, असंबद्ध बोलणे, न थांबणाऱ्या उलट्या किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

त्या आजींनी पुढच्या वर्षी पुन्हा बटाटे लावले, या वेळी दोनदा भर देऊन. महाशिवरात्रीच्या आधी त्यांनी नातवाच्या हाती दवाखान्यात एक पिशवी पाठवली. त्यात एकही बटाटा हिरवा नव्हता.