हृदयातील रबरी चेंडू

लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवलेली रबरी चकती काही महिन्यांनी काढून हाती घेऊन पाहावी. नवी असताना ती खोबणीत कशी चपखल बसलेली असते! परंतु तेलाचा ओशटपणा तिच्यात मुरत गेला की ती फुगते, मऊ पडते आणि झाकण घट्ट बसेनासे होते. गृहिणी ती फेकून देते, दुसरी आणते आणि प्रकरण तेथेच मिटते. पण अशीच गोष्ट माणसाच्या हृदयात बसवलेल्या रबराच्या बाबतीत घडली तर? ती खरोखरच घडली होती.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड येथे, १९५८ साली लोवेल एडवर्ड्स नावाचे साठीचे एक निवृत्त अभियंते डॉ. अल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदांना भेटावयास गेले. पंप आणि द्रवपदार्थांचे दाब यांच्या अभ्यासात हयात घालवलेल्या या गृहस्थांना आता कृत्रिम हृदय तयार करावयाचे होते. संपूर्ण हृदयाचे तूर्त राहू द्यावे, आधी एक झडप करून पाहावी, असे स्टार यांनी सुचवले. दोन वर्षांच्या खटपटीनंतर जी झडप सिद्ध झाली ती दिसावयास अगदी साधी होती. धातूचा एक छोटा पिंजरा आणि त्यात खालीवर होणारा सिलिकोन रबराचा चेंडू, एवढाच तिचा पसारा. रक्ताचा लोट आला की चेंडू उचलला जाऊन वाट मोकळी होते. लोट उलटू लागला की तोच चेंडू बैठकीवर बसून वाट बंद करतो. तत्त्व जुनेच होते. अशा धाटणीच्या बाटलीच्या बुचाचे पेटंट अमेरिकेत १८५८ सालीच घेतले गेले होते!

ऑगस्ट १९६० मध्ये ही झडप बसवलेली पहिली रुग्ण काही तासांतच दगावली. सप्टेंबरातील दुसरा रुग्ण, वय वर्षे ५२, मात्र पुढे दहा वर्षे जगला. घराला रंग देताना शिडीवरून पडून त्याचा अंत झाला. त्यात झडपेचा काही दोष नव्हता.

चेंडूसाठी सिलिकोनच का निवडले? साध्या रबराच्या रेणूंचा कणा कार्बनचा असतो, तर सिलिकोनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंनी आळीपाळीने गुंफलेला असतो. वाळूत आणि काचेत जो बंध असतो तोच येथे लवचिक साखळीच्या रूपाने येतो. म्हणून हे रबर कडाक्याच्या थंडीत ताठरत नाही आणि २०० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकाव धरते. शरीरही त्याला फारसा विरोध करीत नाही. निव्वळ सिलिकोन मात्र दुबळे असते. त्यात सिलिकेची अतिसूक्ष्म पूड मिसळावी तेव्हा त्याला बळ येते. तरीही एकदा बारीकशी चीर पडली की ती पुढे सरकत जाते. कापडाला कात्रीने टोक लावून दिल्यावर ते जसे टरकन फाटते, तसाच हा प्रकार.

आता या चेंडूवर पडणारा भार पाहा. मिनिटाला ७० ठोके धरले तर तो दिवसाला लाखभर वेळा आणि वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडमीट करतो.

काही वर्षांनी निरनिराळ्या रुग्णांतून काढलेले चेंडू पाहून डॉक्टर चकित झाले. पांढरट चेंडू पिवळे पडले होते, काही फुगले होते, काहींवर खाचा आणि भेगा होत्या. रक्तातील स्निग्ध द्रव्ये सिलिकोनने हळूहळू शोषून घेतली होती. म्हणजे बरणीच्या चकतीचीच कथा! फुगलेला चेंडू पिंजऱ्यात अडकू शकतो, आणि झिजलेला किंवा तुकडे उडालेला चेंडू पिंजऱ्यातून निसटू शकतो. दोन्ही प्रसंगी मृत्यू उंबरठ्यावर येतो. या विकाराला वैद्यकात ‘बॉल व्हेरिअन्स’ म्हणतात. शरीरात जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला ‘निष्क्रिय’ हे विशेषण किती जपून लावावे, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

नवलाची गोष्ट अशी की हा दोष हृदयातल्या सर्व जागी सारखा आढळला नाही. महारोहिणीच्या मुखाशी बसवलेले चेंडू अधिक बिघडत, द्विदल झडपेच्या जागी बसवलेले तुलनेने कमी. महारोहिणीपाशी रक्ताचा वेग मोठा आणि चेंडूवर बसणारे तडाखेही जोराचे, हे त्याचे एक कारण मानले गेले. निदान कानांनी होई. निरोगी चेंडू उघडताना आणि मिटताना स्पष्ट ‘टिक्’ असा आवाज करतो. उघडतानाचा आवाज मंदावला की डॉक्टर सावध होत आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करू लागत.

उपाय शेवटी कारखान्यातच सापडला. १९६०च्या दशकाच्या मध्यास रबर पक्व करण्याची प्रक्रिया सुधारण्यात आली आणि त्यानंतरच्या चेंडूंत हा विकार जवळजवळ नाहीसा झाला. मधल्या काळात धातूचा पोकळ चेंडू आणि कापडाने मढवलेला पिंजरा असाही प्रयोग झाला. पण चेंडू टिकला तरी कापड झिजू लागले!

सिलिकोनच्या म्हातारपणाची परीक्षा इतर अवयवांतही झाली. डॉ. आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६०च्या दशकात संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांसाठी सिलिकोनचे सांधे केले. हाडाची धारदार कड जेथे घासते तेथून त्यांतले कित्येक पुढे तुटले. तरी सांध्याभोवती दरम्यान तंतुमय आवरण धरलेले असल्याने पुष्कळांची बोटे चालूच राहिली. बोट ही मोडतोड सोसते, हृदय सोसत नाही. मेंदूतील पाणी पोटात उतरवण्यासाठी लहान मुलांना घातलेल्या सिलिकोनच्या नळ्यांवर काही वर्षांनी चुन्याचे थर बसतात. त्या कडक होतात, आणि मूल उंच होताना मानेपाशी ताण पडून तुटतातही. अशा मुलाच्या आईबापांनी डोकेदुखी, वांती किंवा सुस्ती दिसताच क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांना गाठावे.

स्टार-एडवर्ड्स झडपेचे उत्पादन २००७ साली थांबले, आणि त्याच वर्षी डॉ. स्टार यांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. प्रक्रिया सुधारल्यानंतरच्या काही झडपा चाळीस वर्षांहूनही अधिक काळ चालल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या माणसांच्या शेजारी निवांत बसले तर छातीतली ती ‘टिक् टिक्’ कानी येई.