पोटीन नाणी, सातवाहनांची

विदर्भात मोठ्या संख्येने सापडलेली, सातवाहन राजांच्या नावांची मिश्रधातूची नाणी. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणास नाणकशास्त्रात ‘पोटीन’ म्हणतात. वाशिम जिल्ह्यातील (पूर्वीचा अकोला जिल्हा) तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये अशा दीड हजारांहून अधिक नाण्यांचा संचय मिळाला. नागपूरचे संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याच्या वरच्या कडेने ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असतो. मागील बाजूस चार वर्तुळे फुलीने जोडलेले चिन्ह असते. उज्जैन परिसरातील नाण्यांवर ते विशेषत्वाने आढळत असल्याने त्यास ‘उज्जैन चिन्ह’ हे नाव मिळाले. तथापि केवळ त्यावरून नाणे उज्जैनच्या टांकसाळीतील ठरत नाही. हत्ती व हे चिन्ह यांवरून नाण्याचा प्रकार कळतो. राजा कळत नाही. तो लेखावरूनच ठरवावा लागतो.

रोमन सम्राटांच्या कांस्यनाण्यांशी तुलना केल्यास यातील अडचण ध्यानी येते. रोमन नाण्यावर सम्राटाचे मुखचित्र, नाव व बिरुदे असतात. लेख झिजला, तरी चेहऱ्यावरून व मागील बाजूच्या चित्रावरून पुष्कळदा सम्राट ओळखता येतो. सातवाहनांच्या पोटीन नाण्यांवर मुखचित्र नाही आणि कालनिर्देशही नाही. शिवाय नाण्याची चकती लहान असल्याने बहुतेक नाण्यांवर लेखाचा काही भागच उतरलेला असतो.

लेख ‘रञो सिरि ... सातकणिस’ अशा धाटणीचा असतो. ‘रञो’ म्हणजे राजाचे व ‘सिरि’ म्हणजे श्री. अखेरचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय होय. ‘सातकणि’ हे नाव अनेक राजांना समान असल्याने ‘सिरि’ आणि ‘सातकणिस’ यांच्यामधील दोन-तीन अक्षरेच निर्णायक ठरतात. नेमकी तीच चकतीबाहेर गेली, तर ते नाणे अमुक राजाचे असे म्हणता येत नाही. अशा वेळी एकाच धाटणीची अनेक नाणी शेजारी ठेवून, एकावरील आरंभ व दुसऱ्यावरील शेवट जुळवून संपूर्ण लेख सिद्ध करतात. नाण्यावरील हिरवट थर आम्लाने काढल्यास अक्षरांच्या कडाही जातात. म्हणून तिरप्या प्रकाशात वाचन करणे, ठसा घेणे व वजन नोंदविणे हीच सुरक्षित पद्धत होय.

या रीतीने तऱ्हाळ्याच्या संचयातून गौतमीपुत्र, पुळुमावी व यज्ञ सातकर्णी या ज्ञात राजांबरोबरच कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही नावे पुढे आली. पुराणांतील वंशावळींत या तिघांचा उल्लेख नाही. सातवाहन सत्तेच्या अखेरच्या काळात विदर्भात त्या वंशाचे राजे नांदत होते, हे त्यांवरून दिसते.

पोटीनला धातू म्हणून फारसे मोल नाही. त्यामुळे असे संचय मोडीत जाण्याचा अथवा सुटी नाणी विकली जाण्याचा संभव अधिक. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार अशा निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे आवश्यक असते. संचय अखंड राहणे हे येथे विशेष महत्त्वाचे आहे; कारण एका नाण्यावरील तुटका लेख दुसऱ्या नाण्यावाचून पुरा होत नाही.