बर्फाचा ‘पेंग्विन’ घाटाखालच्या उन्हात टिकेल का?

पेंग्विन म्हटलं की बर्फ आठवतो. पण आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या तापणाऱ्या किनाऱ्यांवर अंडी घालतो. पूर्वी तो साचलेल्या विष्ठेच्या जाड थरात बीळ करायचा. १९व्या शतकात हा थर खतासाठी खरवडून नेला आणि घरटी उघड्यावर आली. ऊन असह्य झालं की पक्षी अंडी सोडून पाण्यात जातात.

उपाय काय?
दुहेरी भिंतींची कृत्रिम घरटी. भिंतींमधली हवा उष्णता अडवते.

अमेरिकेत शाळकरी मुलं हेच प्रयोगातून शिकतात. बर्फाच्या ‘पेंग्विन’साठी घर बनवायचं आणि ते तापत्या दिव्याखाली ठेवायचं. चकचकीत कागद उष्णता परतवतो, कापूस ती आत झिरपू देत नाही. ज्याचा बर्फ कमी वितळला, तो जिंकला.

बुलढाणा जिल्ह्यात दिवाही नको. शेगाव-खामगावकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतोच. टिनाचं घर तापतं, जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर गार राहतं, हे इथल्या मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक असतं.

घर पुरेसं आहे का?
नाही. सार्डिन, अँचोव्ही हे मासे घटल्याने पेंग्विन उपाशी राहतात. २०२४ मध्ये ही प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरली; विणीच्या जोड्या १०,००० पेक्षा कमी उरल्या आहेत. म्हणून २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सहा वसाहतींभोवती या माशांच्या व्यावसायिक मासेमारीवर १० वर्षांसाठी निर्बंध आले.