स्पेनला कशाला? सावंतवाडीहून चाला!

पाठीवर सॅक, सॅकला लटकवलेला शिंपला आणि शेतांमधून जाणारी पायवाट. स्पेनमधल्या 'कामिनो दे सांतियागो'चे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. सेंट जेम्स यांच्या समाधीकडे जाणाऱ्या या वाटांवरून २०२४ मध्ये जवळपास ५ लाख यात्रेकरू पोहोचले. त्यातली सर्वांत प्रसिद्ध वाट पावणेआठशे किलोमीटरची आहे. मग व्हिसा, विमानाचं तिकीट आणि महिनाभराची रजा असा हिशेब सुरू होतो आणि आपण मोबाइल बाजूला ठेवतो.

पण अशीच ख्रिस्ती पायी यात्रा आपल्या शेजारीही आहे. नोव्हेंबर संपत आला की सावंतवाडी, बेळगाव, कारवार या भागांतून भाविक चालत जुने गोवे गाठतात. तिथे ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं फेस्त असतं. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना चालते. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि त्यांच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदूही असतात.

झेवियर यांचा जन्म १५०६ सालचा, आजच्या स्पेनमधल्या नवारातला. १५४२ मध्ये ते गोव्यात आले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. त्यांचं शव बॉम जीझस बॅसिलिकेत चांदीच्या पेटीत आहे. गंमत म्हणजे स्पेनमध्येही दर मार्चमध्ये लोक पाम्प्लोनाहून सुमारे ५० किलोमीटर चालत त्यांच्या जन्मस्थळी जातात. तिकडचे लोक पाळण्याकडे चालतात, आपल्याकडचे समाधीकडे!

वाट कशी आहे?

सावंतवाडीहून अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे दोन-तीन दिवसांचं चालणं. बांदा, पत्रादेवी, म्हापसा अशी ही वाट जाते. बेळगावहून चोर्ला घाट उतरून यायचं तर शंभरहून जास्त किलोमीटर होतात. दिल्ली-गुरुग्राममध्ये राहत असाल तर हजरत निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बेळगावला थांबते.

कामिनोवर पिवळे बाण असतात, ठिकठिकाणी स्वस्त धर्मशाळा असतात, मुक्कामाचे शिक्के मारायला पुस्तिका असते. इथे यातलं काही नाही. इथली यात्रा म्हणजे सोबतची माणसं, अगदी आपल्या वारीतल्या दिंडीसारखी. त्यामुळे एकट्याने निघू नका. त्या भागातल्या चर्चमध्ये महिनाभर आधी चौकशी करा, गट ठरलेला असेल तर सोबत येऊ का असं सरळ विचारा. मुक्काम कुठे, जेवणाचं काय, सामानाची गाडी आहे का, हेही विचारून घ्या.

आणि एक प्रश्न कधीही विसरू नका. अंधारात चालताना पुढेमागे काय व्यवस्था आहे? या वाटेचा बराच भाग मुंबई-गोवा महामार्गावरून जातो आणि ऊन टाळण्यासाठी पहाटेच निघावं लागतं. झोपेत गाडी चालवणारा ड्रायव्हर आणि काळ्या कपड्यांतला यात्रेकरू यांची गाठ पडायला नको. चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट दोन-तीनशे रुपयांत मिळतं. ते घ्या, टॉर्च घ्या आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने एका रांगेत चाला. गटाकडे याचं नीट उत्तर नसेल, तर माझ्या मते त्या गटाबरोबर जाऊ नये, मग तो कितीही भाविक असो.

बाकी तयारी वारीचीच. नवे बूट नकोत, मोज्यांचे जास्तीचे जोड हवेत. कोकणात नोव्हेंबरातही दुपारी घामाच्या धारा लागतात, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा. निघण्याआधी महिनाभर रोज चालायची सवय करा.

तुम्ही ख्रिस्ती नसाल तर?

तरी जाता येतं. फक्त सोबतचा प्रत्येक जण ट्रेकला आलेला नसतो हे लक्षात ठेवा. कुणी नवस फेडायला चालत असतं, कुणी घरातल्या आजाऱ्यासाठी. प्रार्थनेत डोळे मिटलेल्यांचं शूटिंग करू नका. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. मिस्सामध्ये प्रसादासारखी दिली जाणारी भाकर कॅथलिकांसाठीच असते, तेव्हा आपण जागेवर बसून राहावं. कुणाला वाईट वाटत नाही.

आजी-आजोबा आणि मुलं सोबत असतील तर फक्त शेवटचा टप्पा चाला. पणजीहून जुने गोवे दहाएक किलोमीटर आहे. सुरुवातीला पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला बांध लागतो, एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचा भाग. मला विचाराल तर त्याहून सुंदर वाट दिवाडी बेटावरची. शांत गावं, भातखाचरं, मग फेरीबोट. उतरलात की समोरच व्हाइसरॉयची कमान आणि तिथून बॅसिलिका चालत काही मिनिटांवर.

फेस्ताच्या फेरीत खाजे नक्की घ्या. गूळ आणि आल्याचा तो कडक तुकडा चघळत बसलात की पायांची ठणक थोडा वेळ तरी विसरायला होते.