दहा वर्षांचा व्हिसा, पाच वर्षांचा मुक्काम

कॅनडात स्थायिक झालेली मुलं आई-वडिलांना जास्त दिवसांसाठी बोलवायचं म्हणतात, तेव्हा सुपर व्हिसाचा विषय निघतोच. डिसेंबर 2011 मध्ये सुरू झालेली ही सोय कॅनडाच्या नागरिकांच्या आणि पीआरधारकांच्या (कायमस्वरूपी रहिवाशांच्या) आई-वडिलांसाठी व आजी-आजोबांसाठी आहे. मुक्काम कितीही लांबला तरी हा पाहुण्यांचा व्हिसा आहे. हे विसरलं की पुढचे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : व्हिसा दहा वर्षांचा, म्हणजे सलग दहा वर्षं राहता येतं.

वस्तुस्थिती : दहा वर्षं ही ये-जा करण्याची मुदत आहे. मुक्कामाची मुदत वेगळी. 4 जुलै 2022 पासून सुपर व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याआधी ही मर्यादा दोन वर्षं होती, आणि साध्या व्हिजिटर व्हिसावर ती सहसा सहाच महिने असते. किती काळ राहू द्यायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, म्हणून त्याने दिलेली तारीख तिथल्या तिथे तपासावी. शिवाय व्हिसा पासपोर्टपेक्षा जास्त टिकत नाही. पासपोर्टची तीनच वर्षं उरली असतील, तर आधी नवा पासपोर्ट काढलेला बरा.

गैरसमज : इतकी वर्षं राहिलं की पीआर मिळतो.

वस्तुस्थिती : सुपर व्हिसावर राहिल्याने पीआर मिळत नाही. या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि प्रांताची सरकारी आरोग्यसेवाही सहसा मिळत नाही. आई-वडिलांच्या पीआरसाठी वेगळी योजना आहे. तिच्यात क्यूबेक सोडून इतरत्र सलग तीन करवर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. अर्ज कोणी करायचा हे सोडतीने ठरतं. 2021 ते 2025 या काळातली निमंत्रणं 2020 मध्ये इच्छा नोंदवलेल्यांनाच गेली. या वाटेवर ताटकळावं लागतं, म्हणूनच अनेक घरं सुपर व्हिसाकडे वळतात.

गैरसमज : जावई पीआर आहे, तोच सासू-सासऱ्यांना बोलावेल.

वस्तुस्थिती : बोलावणारी व्यक्ती त्यांचा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी, नाहीतर नातवंड असावी लागते, आणि तीच नागरिक किंवा पीआर हवी. लेक अजून वर्क परमिटवर असेल, तर जावयाच्या पीआरचा तिच्या आई-वडिलांना उपयोग नाही. जावई किंवा सून सहस्वाक्षरी करून आपलं उत्पन्न जोडू शकतात, एवढंच. आई-वडिलांबरोबर धाकट्या भावाचं किंवा बहिणीचं नाव याच अर्जात घालता येत नाही.

गैरसमज : मुलाला चांगला पगार आहे, उत्पन्नाची काळजी नको.

वस्तुस्थिती : किमान उत्पन्नाची अट घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरते आणि तिचे आकडे वेळोवेळी बदलतात. येणारे पाहुणेही गणतीत धरले जातात. ब्रॅम्प्टनमधल्या जोडप्याला दोन मुलं असतील आणि आई-वडील दोघं येणार असतील, तर हिशेब सहा जणांचा. पुरावा म्हणून कर विभागाची नोटीस ऑफ असेसमेंट, नोकरीचं पत्र आणि खर्च उचलण्याची लेखी हमी द्यावी लागते.

गैरसमज : भारतातला नेहमीचा प्रवास विमा चालतो.

वस्तुस्थिती : विमा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाचा हवा. त्यात उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि मायदेशी परत नेण्याची सोय हवी. 28 जानेवारी 2025 पासून परदेशी कंपन्यांचा विमाही चालतो. पण त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय नियामकाची परवानगी हवी आणि पॉलिसी तिच्या कॅनडातल्या व्यवसायातून निघालेली हवी. नुसतं कोटेशन जोडून भागत नाही. पैसे पूर्ण भरलेले असावेत किंवा हप्त्यांची पहिली रक्कम तरी भरलेली असावी. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी जुन्या आजारांचं कलम बारकाईने वाचावं. अनेक पॉलिसी ठरावीक महिने औषधात बदल न झालेल्या आजारालाच संरक्षण देतात. वैद्यकीय तपासणीही लागतेच, आणि ती कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. फॅमिली डॉक्टरांचा दाखला पुरत नाही.

गैरसमज : कागदपत्रं पुरी झाली की व्हिसा ठरलेलाच, नाही मिळाला तर एजंट बघून घेईल.

वस्तुस्थिती : मुक्काम संपल्यावर आई-वडील परत जातील, याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते. घर, शेती, पेन्शन, भारतात राहणारी दुसरी मुलं, आधीचे परदेश प्रवास यांचे पुरावे म्हणूनच जोडायचे. मराठी दाखल्यांना इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. नात्याच्या पुराव्यात आईचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं दिसत असेल, तर विवाहाचा दाखला जोडून ते जुळवून दाखवावं. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल तर ते लपवू नये. खोटी माहिती आढळली तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. नकार मिळाल्यावर त्यातली कारणं दूर करून पुन्हा अर्ज करता येतो. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार, वकील, क्यूबेकचे नोटरी अशा अधिकृत व्यक्तींनाच आहे. एजंटचा परवाना क्रमांक आधी मागून घ्यावा.

निम्मा अर्ज मुलांचाच असतो. त्यांचं उत्पन्न, निमंत्रणपत्र आणि विमा तयार झाल्यावर मग आई-वडिलांनी फॉर्म भरायला घ्यावा. अर्ज कॅनडाबाहेर असतानाच करावा लागतो. मुक्काम वाढवायचा असेल तर मात्र मुदत संपण्याआधी कॅनडातूनच अर्ज देता येतो.