नदीकाठचा परवाना

'परमिट रूम' ही पाटी आपल्या ओळखीची. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे तिथे बसून पिणाऱ्याकडेही स्वतःचा परवाना असावा लागतो. अमेरिकेत मिशिगन राज्यात मुलीकडे राहायला गेलो, तेव्हा परवान्याचा एक वेगळाच उपयोग कळला. पडक्या इमारती दुरुस्त करून घेण्याचा! जन्मभर नगरपालिकेत नोकरी केलेली, कान टवकारले.

तिथल्या गावांनी नदीकडे पाठच फिरवलेली असे. ग्रँड रॅपिड्स शहर फर्निचरसाठी प्रसिद्ध. ओंडके ग्रँड नदीतून वाहत यायचे आणि काठावर गिरण्या, कारखाने. नदी म्हणजे वखारीचा मागचा दरवाजा. असे कारखाने बंद पडले की काठावर उरतात रिकाम्या विटांच्या भिंती.

तिथे कुणी खानावळ काढावी म्हटलं, तर अडचण दारूची. नुसत्या जेवणावर भाडं निघत नाही. जेवणासोबतचा वाइनचा पेला हात देतो. पण मिशिगनमध्ये दर १५०० लोकसंख्येमागे बसून पिण्याचा एकच परवाना. गावाचा कोटा संपला की जुन्या मालकाकडून विकत घ्यायचा, तो म्हणेल त्या भावाला. कागदाचा तुकडा, पण किंमत प्लॉटसारखी.

२००६ साली राज्याने कायदा बदलला. गावाने ठरवलेल्या विकास क्षेत्रात पाच वर्षांत सरकारी-खासगी मिळून जितक्या वेळा दोन लाख डॉलर गुंतले, तितके जादा परवाने, कोट्याबाहेर. अर्जदाराने आधी कोट्यातला परवाना मिळतो का ते पाहायचं. इमारतीच्या दुरुस्तीवर किमान ७५ हजार डॉलर घालायचे, शिवाय २० हजार डॉलर फी. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला दहा तास दार उघडं हवं. जेवण, करमणूक किंवा खेळ यांपैकी काहीतरी हवंच. नुसता गुत्ता चालत नाही.

मला सर्वांत आवडलेली अट पुढची. हा परवाना उचलून दुसरीकडे नेता येत नाही. धंदा बंद झाला, की तो परत करायचा. मग त्याच क्षेत्रात दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे परवाना माणसाचा नाही, त्या काठाचा. आपल्याकडे सवलत घेऊन जमीन विकून मोकळे झालेले मी थोडे पाहिले नाहीत.

सगळेच खूश होते असं मात्र नाही. मुलीच्या घराजवळ एका म्हाताऱ्याचा बार होता. त्याने घर गहाण टाकून परवाना घेतलेला, म्हातारपणी विकू या हिशेबाने. तीन गल्ल्या सोडून नदीवर नवं हॉटेल उघडलं, २० हजार फी भरून. त्याच्या टेबलांवर दिवे लागले, माणसं काठावर फिरू लागली, हे तोही कबूल करायचा. "नदी सुंदर दिसते," मला म्हणाला, "पण माझा कागद आता कोण घेणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यातही त्याच्यासाठी एक ओळ नव्हती.