मलिक अंबर आला तो मुलूख

खडकी गावाचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराचं, १६१०च्या सुमारास शहर करणारा मलिक अंबर हबशी होता, हे इथे बहुतेकांना ठाऊक असतं. भडकल दरवाजा दाखवताना त्याचं नाव निघतं, नहर-ए-अंबरी या त्याच्या पाणीयोजनेचा विषय आला की पुन्हा निघतं. पण हबशांचा मुलूख कोणता आणि तिथली माणसं दख्खनपर्यंत का आली, हे क्वचितच कुणी विचारतं. याचं उत्तर शोधायचं तर आफ्रिकेतल्या एका ख्रिस्ती साम्राज्याचा उदयास्त पाहावा लागतो.

तो मुलूख म्हणजे आजचा इथिओपिया. तिथल्या अक्सुम राज्याच्या एझाना राजाने चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अक्सुमचं वैभव ओसरलं आणि झाग्वे घराणं सत्तेवर आलं. लालिबेला इथली खडकात कोरलेली अकरा चर्च याच घराण्याच्या नावावर आहेत. वेरूळचं कैलास लेणं पाहिलेल्याला त्यांची रीत सांगावी लागत नाही: भोवतीचा खडक खणून अखंड शिळा सुटी करायची आणि वरून खाली कोरत यायचं. सेंट जॉर्जचं चर्च तर जमिनीच्या पातळीखाली आहे. काठावर उभं राहिलं की क्रुसाच्या आकाराचं छत पायाशी दिसतं. दाराशी जायला खंदकात उतरावं लागतं.

१२७० मध्ये येकुनो अम्लाकने झाग्वेंना हटवलं. त्याच्या घराण्याने आपला वंश थेट सॉलोमन राजा आणि शेबाच्या राणीशी जोडला. याच घराण्यातल्या अम्दा सियोनने (१३१४-४४) पूर्वेकडच्या मुस्लिम राजवटींना मांडलिक केलं आणि समुद्राकडे जाणाऱ्या व्यापारी वाटा ताब्यात आल्या. सोनं, हस्तिदंत आणि गुलाम झैला बंदराकडे जात. देशात मिठाच्या वड्या नाण्यांसारख्या चालत. बादशहा बहुतेक काळ प्रचंड छावणीसह फिरतीवर असे. बादशहा झारा याकोबच्या (१४३४-६८) काळात ही सत्ता ऐन भरात होती.

पण सगळा डोलारा बादशहाच्या कर्तबगारीवर उभा होता. झारा याकोबनंतर अल्पवयीन राजे गादीवर आले आणि दरबारी गटांचं फावलं. तिकडे पूर्वेकडच्या मुस्लिम अदल सल्तनतीचा इमाम अहमद बळावत होता. १५२९ मध्ये शिंब्रा कुरेच्या लढाईत त्याने शाही फौज मोडली. पुढच्या दशकात मठ आणि चर्च जळाली. बादशहा लेब्ना देंगेल डोंगरांतून पळत राहिला आणि १५४० मध्ये मरण पावला. १५४१ मध्ये साम्राज्याच्या मदतीला गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज आरमाराने चारशे बंदुकधारी उतरवले. त्यांचा सरदार क्रिस्तोव्हाव हा वास्को द गामाचा मुलगा. पुढच्याच वर्षी तो मारला गेला. १५४३ मध्ये अहमदही पडला. साम्राज्य वाचलं, पण त्याची रया गेली. दोन्ही बाजू थकल्या होत्या आणि दक्षिणेकडून ओरोमो लोक त्या मुलखात पसरत गेले. राजेशाही १९७४ पर्यंत टिकली. मध्ययुगातला दरारा मात्र परतला नाही.

अशा उलथापालथीत माणसंच विक्रीचा माल झाली. गुलामांच्या व्यापाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम, दोन्ही राजवटींच्या तिजोऱ्या भरल्या. युद्ध संपून पाचेक वर्षं होतात तोच, १५४८च्या सुमारास, चापू नावाचा मुलगा जन्मला. बहुतेक इतिहासकार त्याचं गाव हरारच्या परिसरात मानतात. लहानपणीच विकला गेलेला हा मुलगा अरबस्तान आणि बगदाद करत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. इथे त्याला विकत घेणारा पेशवा चंगेज खान स्वतःही हबशी होता. चापूचा मलिक अंबर झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि खडकीला खापरी नळांतून पाणी आणलं. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

आपल्या शहराचा इतिहास आपण देवगिरी, दिल्ली आणि हैदराबादच्या संदर्भात शिकतो. त्यात हरार आणि झैलालाही जागा हवी. कर्तबगार मुलं विकणाऱ्या मुलखाने काय गमावलं आणि दख्खनने काय कमावलं, हे त्याशिवाय मुलांना समजणार नाही.